नाताळची गाणी आणि तोळाभर सोनं

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये आणि मोबाइलच्या पडद्यावर ठरावीक अमेरिकी गाणी वाजू लागतात. त्यांतली बहुतेक १९४० ते १९६० या वीस वर्षांतली आहेत. बर्फानं झाकलेलं छोटं गाव, शेकोटीजवळ जमलेलं कुटुंब, लाल कोटातला हसरा सांता हे चित्रही त्याच काळात पक्कं झालेलं. अमेरिकेत याच दिवसांत ‘तेव्हाचा नाताळ’ आठवून माणसं हळवी होतात. इकडे यवतमाळ जिल्ह्यात डिसेंबर हा कापसाचा महिना. जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा लागतात आणि रांगेत ताटकळणारा एखादा म्हातारा शेतकरी हमखास म्हणतो, ‘आमच्या वेळी क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोनं यायचं.’

या दोन्ही आठवणींकडे बघायच्या आपल्या दोन ठरलेल्या रीती आहेत. काही जण त्या अक्षरशः खऱ्या मानतात : तेव्हा माणसं साधी होती, नाती घट्ट होती, आता सगळं नासलं. शिकल्या-सवरल्या मंडळींची रीत वेगळी. मागचं सगळ्यांनाच गोड वाटतं, त्यात फारसं काही शोधू नये, असं म्हणून ती मोकळी होतात. मला दोन्ही रीती उथळ वाटतात. पहिली चित्रालाच इतिहास समजते. दुसरी त्या चित्रामागची खरी मागणी ऐकूनच घेत नाही.

माझं म्हणणं असं. सणाच्या दिवसांत दाटून येणारी जुन्या काळाची ओढ खोटी नसते, पण माणसं ती भलत्याच गोष्टींच्या नावे सांगतात. बोलतात गाण्यांबद्दल, दागिन्यांबद्दल, फराळाच्या चवीबद्दल. हरवलेला असतो उद्याचा भरवसा. हा भरवसा आपोआप आलेला नव्हता. तो कायद्यांनी, संस्थांनी आणि सरकारी पैशानं उभा राहिला होता आणि काही माणसांना बाहेर ठेवूनच दिला गेला होता. म्हणून अशा प्रत्येक आठवणीला दोन प्रश्न विचारायला हवेत : त्या सुखाला आधार कशाचा होता? आणि दाराबाहेर कोण उभं होतं?

१. तो काळही मागेच बघत होता

अमेरिकेचं सर्वांत लोकप्रिय नाताळगीत ‘व्हाइट ख्रिसमस’. बिंग क्रॉस्बीनं ते १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. लिहिलं अर्व्हिंग बर्लिन यांनी. ते रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातले. नाताळ त्यांच्या धर्माचा सण नव्हताच. शिवाय १९२८ मध्ये त्यांचा अवघ्या तीन आठवड्यांचा मुलगा नेमका नाताळच्या दिवशी वारला होता. गाण्याचं सुरुवातीचं, आता सहसा न गायलं जाणारं कडवं कॅलिफोर्नियाच्या उन्हात, ताडामाडांच्या सावलीत घडतं. तिथल्या माणसाला दूरचा बर्फ आठवतो आहे. हे गाणं डोक्यावर घेतलं ते परदेशात लढणाऱ्या सैनिकांनी. ‘लेट इट स्नो’ आणि ‘द ख्रिसमस साँग’ ही दोन थंडीची गाणी तर १९४५ च्या जुलैमध्ये, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात लिहिली गेली. ‘मीट मी इन सेंट लुइस’ हा १९४४ चा चित्रपट रमतो तो १९०३-०४ च्या अमेरिकेत.

ज्या काळाला आज ‘तेव्हा’ म्हणतात, त्याचे स्वतःचे डोळे मागे लागलेले होते. घरापासून तुटलेल्या, युद्धानं पांगलेल्या माणसांनी आपल्याला हवं असलेलं घर गाण्यांत उभं केलं. पुढच्या पिढ्यांनी त्या इच्छेलाच तेव्हाची वस्तुस्थिती मानलं.

आपल्याकडेही हेच झालं. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तीही मागे सुटलेल्या कोकणातल्या घराच्या ओढीनं. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर १९५३ मध्ये चित्रपट काढला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची, आणि तिच्या शेवटच्या प्रकरणात चाळीचं ते जग निघून चालल्याची खंत तेव्हाच दाटलेली आहे. आज दिवाळी पहाटेच्या मैफलींत ज्या दशकाला आपण भरल्या घराचं दशक मानतो, त्या दशकातल्या जाणत्या लेखकांना घर मोडताना दिसत होतं. आठवणीला त्या काळाची साक्ष मानता येत नाही, हे यावरून पुरेसं स्पष्ट व्हावं. पण मग ती कशाची साक्ष आहे?

२. गाण्याखालचा आधार

ती गाणी लागत होती तेव्हा अमेरिकेतल्या सामान्य गोऱ्या कामगाराच्या हातात काय होतं, ते पाहू. १९४४ च्या कायद्यानं युद्धावरून परतलेल्या सैनिकाला शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी स्वस्त कर्ज मिळालं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर जवळपास एक-तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते. पगार, पेन्शन, सुट्ट्या करारानं बांधलेल्या होत्या. सर्वांत श्रीमंतांच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर ९१ टक्के कर होता. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण १९४० मध्ये सुमारे ४४ टक्के होतं, ते १९६० मध्ये ६२ टक्क्यांवर गेलं.

शेकोटीजवळचं कुटुंब हे चित्र या आकड्यांवर उभं आहे. बाप संध्याकाळी सहाला घरी येऊ शकत होता, कारण कामाचे तास ठरलेले होते. मुलांसाठी झाडाखाली भेटी ठेवता येत होत्या, कारण पुढच्या महिन्याचा पगार नक्की होता. पुढे युनियन दुबळ्या झाल्या, कारखाने हलले, कराचे दर उतरले. गाणी मात्र तशीच राहिली. आज तिथला कंत्राटी कामगार डिसेंबरात ती गाणी ऐकून व्याकूळ होतो, तेव्हा त्याला भावनेचा रोग झालेला नसतो. त्याच्या हातून खरोखर काही गेलेलं आहे. पण सणाचा बाजार त्याला सांगतो की जुन्या घाटणीची सजावट विकत घे म्हणजे तो काळ परत येईल. कर आणि वेतन करार यांची आठवण त्याला कुणीच करून देत नाही.

३. कर्ज, पूल आणि नाताळची पूर्वसंध्या

या सगळ्या परंपरेत यवतमाळकरानं आवर्जून बघावी अशी एक कलाकृती आहे : फ्रँक कॅप्रा यांचा १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. अमेरिकेत तो नाताळचा गोड कौटुंबिक चित्रपट म्हणून दरवर्षी दाखवला जातो. मला तर तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत कर्जाबद्दलचा चित्रपट वाटतो.

जॉर्ज बेली हा एका लहान गावातली बचत आणि घरकर्ज संस्था चालवतो. आपल्याकडची सहकारी पतसंस्था म्हणा. गावावर पॉटर नावाच्या धनाढ्याची पकड आहे. लोकांनी आपल्याच भाड्याच्या खोल्यांत आयुष्य काढावं असं त्याला वाटतं. एकदा घाबरलेले सभासद ठेवी काढायला धावतात. जॉर्ज त्यांना सांगतो की तुमचे पैसे तिजोरीत पडून नाहीत, ते शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहेत. सहकाराचं इतकं नेमकं वर्णन मी आपल्याकडच्या भाषणांतही क्वचित ऐकलं आहे. नंतर नाताळच्या आदल्या दिवशी जॉर्जच्या काकाच्या हातून संस्थेचे आठ हजार डॉलर गहाळ होतात, ते पॉटरच्या हाती लागतात आणि तो ते दडवतो. जॉर्ज मदत मागायला त्याच्याकडेच जातो, तेव्हा पॉटर त्याला सुनावतो की जगण्यापेक्षा तुझ्या मरणाची किंमत जास्त आहे, कारण तुझा विमा आहे. जॉर्ज पुलावर जाऊन उभा राहतो.

हा प्रसंग यवतमाळात कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह आयुष्य संपवलं. त्यानंतर या जिल्ह्याचं नाव देशभर घेतलं जातं ते याच दुःखासाठी.

चित्रपटात जॉर्ज शेवटी या संकटातून सुटतो, कारण अख्खं गाव पैसे घेऊन धावत येतं. प्रेक्षक या शेवटावर रडतात आणि तो शेवट खरोखर सुंदर आहे. पण दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पॉटरला शिक्षा होत नाही, पैसे त्याच्याकडेच राहतात. आणि गाव धावून येतं ते नुसत्या चांगुलपणानं नव्हे. वर्षानुवर्षं संस्थेनं त्यांना घरं दिलेली असतात, म्हणून त्यांच्याजवळ द्यायला काही असतं. या चित्रपटाला तेव्हा तोटा झाला. १९४७ च्या एका अहवालात अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं तो बँकवाल्यांची बदनामी करतो म्हणून त्याच्यावर साम्यवादाचा संशय घेतला. १९७४ मध्ये त्याचा स्वामित्वहक्क नूतनीकरणाअभावी संपला, वाहिन्या तो फुकट दाखवू लागल्या आणि तो नाताळचा ठेवा झाला. संशयित चित्रपटाचा ठेवा होताना त्यातलं कर्ज विसरलं गेलं आणि शेवटी वाजणारी घंटा तेवढी लक्षात राहिली. आठवण कशी गाळली जाते, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

४. ती अमेरिका यवतमाळात कोणत्या वाटेनं आली

अमेरिकेचं ते दशक आपल्यापासून दूर होतं असं मानायचं कारण नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचं काम या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं. १९५३ मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला जाईपर्यंत देशभरातले विद्यार्थी इथे शिकायला येत. इथल्या मराठी ख्रिस्ती घरांतला नाताळ मात्र अमेरिकी चित्रासारखा कधीच नव्हता. करंज्या, चकल्या, अनारसे दिवाळीसारखेच तळले जातात आणि ना. वा. टिळकांच्या परंपरेतली मराठी गीतं गायली जातात. आयात झालेला सण लोकांनी आपल्या तव्याकढईत किती सहज मुरवला, ते यात दिसतं.

अमेरिका आली ती धान्याच्या पोत्यांतूनही. जादा धान्य बाहेर देण्याचा पी.एल. ४८० हा कायदा १९५४ चा. भारताशी त्याखालचा करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. १९६६ साली देशानं सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं. १९७२ च्या दुष्काळातली मिलो, ती लाल ज्वारी, आजही म्हाताऱ्यांच्या जिभेवर आहे. बांधाबांधावर माजलेलं गाजरगवत अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. पांढऱ्या बारीक फुलांचं हे झुडूप उपटताना हाताला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, जनावर त्याला तोंड लावत नाही. अमेरिकी कुटुंबाच्या भरल्या टेबलाची दुसरी बाजू अशी होती : तिथलं जास्तीचं धान्य हे इथल्या उपासमारीवरचं औषध होतं आणि राजकारणातलं हत्यारही.

५. तोळ्याचा हिशेब

आता क्विंटलभर कापसातल्या तोळ्याकडे येऊ. ढोबळमानानं ही आठवण खरी आहे. १९७० च्या सुमारास तोळा दोनशे रुपयांच्या आसपास होता आणि क्विंटलभर कापसात तो बसत असे. २०२५-२६ मध्ये कापसाचा हमीभाव (लांब धाग्याचा) ८,११० रुपये होता आणि तोळा लाखाच्या वर गेला होता. बारा क्विंटल विकूनही तो पदरात पडत नव्हता.

पण ही तुलना करताना एक गोष्ट निसटते. सोनं तेव्हा स्वस्त होतं कारण जगात त्याचा भाव बांधलेला होता : १९३४ पासून औंसाला ३५ डॉलर. अमेरिकेनं डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं १५ ऑगस्ट १९७१ ला तोडलं, आणि पुढच्या काही वर्षांत सोनं उसळलं. कापूस घसरला नसता तरी तोळा दूर गेलाच असता. म्हणजे जिनिंगच्या रांगेतली ती आठवण आणि अमेरिकेचा तो स्थिर, सुरक्षित वाटणारा नाताळ हे एकाच जागतिक व्यवस्थेचे दोन तुकडे आहेत.

म्हणून सोन्याची मोजपट्टी बाजूला ठेवून विचारावं की शेतकऱ्याला तेव्हा नेमकं काय मिळत होतं. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात १९७१ चा कायदा झाला आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. सरकार हाच एकमेव खरेदीदार. कापूस नेला की घेतला जाणार आणि दर आधी माहीत असणार, एवढा तिचा भरवसा. तिच्यात दोष होते : ग्रेडिंगवरून वाद, चुकाऱ्याला विलंब, पुढे साठत गेलेला तोटा. एकाधिकार खरेदी जशीच्या तशी परत आणावी असं मी म्हणत नाही. पण सीतादहीची पूजा करून वेचणीला हात घालणाऱ्या शेतकऱ्याला तेव्हा माहीत असे की माल कुठे जाईल. आज त्याला ते माहीत नाही, आणि ‘तोळा यायचा’ या दोन शब्दांत तो हेच सांगत असतो. आपण त्याचं बोलणं सोन्याबद्दल आहे असं समजून सोडून देतो.

६. वेचणारीला तोळा आठवत नाही

इथे दुसरा प्रश्न येतो : दाराबाहेर कोण उभं होतं? तोळा ज्याच्या घरी आला तो जमीनवाला. कापूस वेचणारी बाई सकाळी शेतात शिरते, कमरेला ओटी बांधते, फुटलेल्या बोंडातून बोटांनी कापूस ओढते. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला चिरे पाडतात. ओटी भरली की ढिगावर रिकामी करायची आणि पुन्हा ओळीत शिरायचं. दिवस मावळताना काट्यावर वजन होतं आणि किलोप्रमाणे पैसे मिळतात. सकाळच्या दवानं भिजलेला कापूस वजनात भरतो, म्हणून ऊन चढल्यावर वेचा असं मालक सांगतो. तिच्या आठवणीत सोनं यायचं कारणच नव्हतं.

अमेरिकेतही तेच. १९४७ पासून वसलेली लेव्हिटाउनसारखी स्वस्त घरांची नगरं गोऱ्यांसाठीच होती. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटाउनमध्ये पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं तेव्हा जमावानं घरावर दगड मारले. १९५९ मध्ये निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकी दारिद्र्यरेषेखाली होते. शेकोटीच्या चित्रातल्या बाईचीही तीच गत; तिचं गुदमरणं बेटी फ्रिडन यांनी १९६३ मध्ये पुस्तकातून मांडलं.

एकच वर्ष घ्या, १९५६. एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरच्या ‘गीतरामायणा’ची वर्षभराची मालिका संपली, महाराष्ट्राच्या एका वर्गासाठी तो सांस्कृतिक सुखाचा कळस होता. ऑक्टोबरात, १४ तारखेला, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. यवतमाळातल्या दलित वस्त्यांसाठी ते जुन्या घरातून बाहेर पडणं होतं. डिसेंबरात अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरातला कृष्णवर्णीयांचा वर्षभराचा बस बहिष्कार जिंकून संपला. यवतमाळच्या फासेपारध्यांवरचा गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्यानं पुसला जाऊनही तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. या माणसांना ‘जुने दिवस परत यावेत’ असं का वाटावं?

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप : सण आहे, त्यात अर्थशास्त्र आणि जात कशाला आणता? उत्तर असं की ती तिथे आधीपासूनच आहेत. सणाला कुणाच्या घरी फराळ होतो, कुणाची मजुरी बुडते, कुणाचा चुकारा अडतो, यावर सण ठरतो. गाणं ऐकताना डोळे भरून येणं मला परकं नाही आणि ते थांबावं असंही वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार : तेव्हा माणसं एकमेकांना वेळ देत होती, हे तरी नाकाराल का? नाकारत नाही. पण हा वेळ कुठून येत होता ते बघा. घरातल्या बाईच्या बिनमोल कष्टांतून, बांधलेल्या कामाच्या तासांतून, गावाजवळच मिळणाऱ्या कामातून. आज यवतमाळची तरुण पोरं पुण्याच्या कंपन्यांत आणि सुरतेच्या कारखान्यांत कंत्राटावर आहेत. दिवाळीला चार दिवसांची सुट्टी मिळेल की नाही, हे ठेकेदार ठरवतो. त्यांची नाती सैल झाली म्हणून त्यांना बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

तिसरा आक्षेप तरुण वाचकाचा असेल : आठवणीच टाकून द्याव्यात, पुढे बघावं. याच्याशी मी मुळीच सहमत नाही. आठवण काढण्याची दुसरी एक रीत याच मातीत आहे. ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, चैत्यभूमीवर जाणाऱ्या गाड्यांत विदर्भातली माणसं दाटीवाटीनं बसतात. ती कुठलंही जुनं सुख आठवायला जात नाहीत. कुणी काय बदललं हे आठवतात, पुस्तकं विकत घेतात, परत येऊन मुलांना शाळेत घालतात. १९ मार्चला करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ राज्यभर अनेक जण अन्नत्याग करतात, तेही शेतीच्या धोरणावर बोट ठेवून. इथे आठवणीला तारीख आहे, कारण आहे आणि मागणी आहे.

तोळ्याच्या आठवणीलाही अशीच मागणी जोडता येते. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. मुदत आधी सप्टेंबरअखेरची होती, नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे पहिल्या वेचणीपासून ऐन विक्रीपर्यंतचे सगळे दिवस त्यात आले. ज्या महिन्यात अमेरिकेतली घरं १९५० च्या दशकाची गाणी लावतात, त्याच महिन्यात बाहेरचा कापूस, अमेरिकेचाही, शुल्काविना आपल्या बंदरांत उतरत होता. रांगेतल्या म्हाताऱ्यानं पुन्हा तोळ्याचा विषय काढला, तर त्याला थांबवू नये. हे शुल्क कुणाच्या सांगण्यावरून गेलं, सरकारी खरेदी केंद्रं किती आणि कधी उघडली, ओलाव्याच्या नावाखाली किती कापूस परत पाठवला आणि वेचणीचा किलोमागचा दर ठरवताना वेचणारीला कुणी विचारलं का, हे प्रश्न त्याच्याबरोबर त्याच रांगेत मांडावेत.